भाताआधी बर्फ

"अहो, भांडी पडली का?" बू रुमिनींनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं.

भांडी पडली नव्हती. बाहेर ओसरीवर पाक कस्मादी मांडीवर ढोल घेऊन बसले होते आणि त्यांच्या गामेलानच्या ताफ्यातले सगळे वादक काशाच्या पट्ट्यांवर हातोड्या टेकवून माना खाली घालून बसले होते. जे पडल्यासारखं वाटलं ती कस्मादींची नवी रचना होती.

"रचना आहे ती," कस्मादी म्हणाले.

"झाली?"

"आता कुठे सुरू होतेय."

"बरं," बू रुमिनी म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

जावा बेटावरच्या आमच्या केडुंगसारीत कस्मादींच्या ताफ्याशिवाय लग्न लागत नाही. त्यांना सगळे पाक म्हणतात, म्हणजे काका, आणि त्यांच्या बायकोला बू, म्हणजे काकू. पण त्यांचं वाजवणं कोणी ऐकतं असं मात्र म्हणता येणार नाही. लोक लग्नाला येतात, एकमेकांच्या नक्षीदार बातिक कापडाची किंमत मनातल्या मनात ठरवतात, जेवतात आणि जातात. ताफा एका कडेला बसून ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या चाली वाजवत राहतो. एकदा तर ऐन रंगात आलेलं वादन चालू असताना एका पाहुण्याने कस्मादींच्या खांद्यावर हात ठेवला. कस्मादींना वाटलं, दाद आली. पाहुणा म्हणाला, "जरा सरकता का? तुमच्या पाठीमागे मोबाईल लावायची जागा आहे."

हे सगळं त्यांनी हसून सोडून दिलं होतं. सोडून देता आलं नाही ते एकच. त्यांची एकुलती एक मुलगी लारस्ती एका सकाळी शेंगा निवडता निवडता सहज म्हणाली होती, "बापाक, रागावू नका हं, पण मला तुमच्या सगळ्या चाली सारख्याच वाटतात. कुठली कुठे संपली तेही कळत नाही." बोलली ती प्रेमानेच. शेंगा निवडून झाल्यावर वडिलांना चहाही करून दिला. पण ते वाक्य कस्मादींच्या मनात रुतून बसलं.

आता लारस्तीचं लग्न ठरलं होतं. जावई हेंद्रो बोर्निओत तेलाच्या विहिरींवर कामाला होता आणि लग्न लागलं की त्याच दिवशी संध्याकाळच्या विमानाने तो तिला घेऊन जाणार होता. म्हणजे मुलीने आपली एक तरी रचना नीट कान देऊन ऐकावी यासाठी कस्मादींच्या हातात एकच दिवस उरला होता. त्या दिवशी ती मंचावरून हलू शकणार नव्हती, हीच काय ती सोय.

रचना तीन भागांची होती. पहिला भाग प्रसन्न, दुसरा संथ आणि तिसरा कस्मादींच्या मनातला. त्या तिसऱ्या भागात काय आहे हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात पट्ट्यांवर एक आडवातिडवा खडखडाट होता, दोन जवळ, एक लांब, मध्येच एक चुकल्यासारखा. भांडी पडली ती तिथेच.

"पाक, वाजवायला आमची ना नाही," तालमीनंतर सुतोपो म्हणाला. तो कस्मादींचा उजवा हात. लग्नाच्या दिवशी वधूपित्याला मंचावर बसावं लागणार म्हणून ढोल त्याच्याकडे जाणार होता. "पण ऐकणाऱ्याने धरायचं कुठे? सगळंच नवीन. परक्या गावात अंधारात उतरवल्यासारखं वाटतं."

कस्मादींना ते पटलं. त्यांनी रचना पुन्हा बांधली आणि जागोजागी जुन्या, ओळखीच्या ओळी पेरल्या. पुढच्या तालमीत मोठा टांगता गाँग वाजवणारे कार्यो आजोबा भिंतीला टेकून झोपी गेले आणि झोपेतही त्यांचे सगळे ठोके बरोबर पडले. हे पाहून कस्मादींनी कपाळावर हात मारून घेतला.

"इतकंही ओळखीचं नको," ते म्हणाले. "एकच ओळ घ्यायची. पण अशी, की ऐकल्याबरोबर माणूस आपला झाला पाहिजे. मग त्याला पुढे कुठेही नेता येईल."

अशी ओळ कोणती, हे ठरवायला ते गावात फिरले. टोफू विकणाऱ्या बाईला त्यांनी म्हटलं, "तुम्हाला येणारी कुठलीही एक चाल गुणगुणा बघू." ती लाजली आणि गुणगुणली. मग न्हाव्याला विचारलं, मशिदीबाहेर चपला सांभाळणाऱ्याला विचारलं, शाळेतल्या बाईंना विचारलं. सगळ्यांनी एकच चाल गुणगुणली.

"कुठे ऐकलीत ही?"

"काय की बुवा," न्हावी म्हणाला. "पण बरी वाटते. पोट भरल्यासारखं वाटतं."

कस्मादींना अर्थातच माहीत होतं. आमच्याकडच्या लग्नात सगळ्यात शेवटी, पाहुणे निघायच्या वेळी जी चाल वाजते, ती ही. जन्मापासून प्रत्येकाने ती शेकडो वेळा ऐकलेली, आणि तीसुद्धा जेवण झालेलं असताना, मन तृप्त असताना, घरी जायचं असताना. तिच्याइतकी लाडकी चाल दुसरी कुठली असणार?

पण कस्मादी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ती जशीच्या तशी ठेवण्याचा गाढवपणा त्यांनी केला नाही. पाच सुरांच्या वाद्यांवरून उचलून त्यांनी ती सात सुरांच्या वाद्यांवर ठेवली, चांगली संथ केली, वरून बासरी घातली आणि दुसऱ्या भागाच्या मधोमध अशी लपवली की कानाला गोड लागावं, पण का ते कळू नये.

तालमीत ती जागा आली तेव्हा सुतोपोच्या डोळ्यांत पाणी आलं. कार्यो आजोबा जागे राहिले. बू रुमिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, वादकांसमोरचे चहाचे पेले त्यांनी एकेक करून उचलले आणि त्या आत निघून गेल्या.

"अगं, माझा अर्धा होता अजून!" कार्यो आजोबा म्हणाले.

बू रुमिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यावर कोणी काही विचार केला नाही आणि नंतर सगळ्यांना वाटलं की करायला हवा होता.

लग्नाच्या दिवशी अंगणापासून रस्त्यापर्यंत मांडव पडला. खुर्च्यांच्या रांगा लागल्या, नारळाच्या झाडांवर कर्णे चढले आणि सगळं गाव, शिवाय वोनोगिरीहून बस भरून आलेली व्याह्यांची मंडळी, येऊन बसली. आमच्याकडे पाहुण्याने उठून वाढून घ्यायचं नसतं. तो बसलेल्या जागी बसतो आणि वाढपी हातोहात सगळं आणून देतात. आधी चहा आणि खाऊ, मग सूप, मग भाताचं ताट, मग बर्फ. बर्फ म्हणजे लाल सरबत आणि कोवळं खोबरं घातलेला वाडगा. तो हातात आला की खायचा आणि उठायचं. बर्फानंतर बसून राहणाऱ्याला अजून काय हवंय, असं यजमान विचारत नाहीत, पण मनात आणतात.

वाढप्यांचा म्होरक्या होता तुगिमान, सगळ्यांचा मस, म्हणजे दादा. माणूस कामाला वाघ, पण त्याचं सगळं काम कानांवर चालायचं. मागच्या अंगणात चुलींच्या धुरात उभं राहून त्याला मांडव दिसत नाही. ताफा काय वाजवतोय त्यावरून तो ओळखतो की पुढे कुठवर आलंय, आणि त्याप्रमाणे ताटं सोडतो. इतक्या लग्नांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

"सूपानंतर माझी नवी रचना आहे," कस्मादींनी त्याला सकाळीच बजावलं होतं. "ती चालू असताना ताटांचा आवाज नको. ती संपली की भात."

"संपली हे कळणार कसं? नवीन आहे म्हणता."

"कळेल रे. शेवटी मोठा खडखडाट आहे."

एवढं सांगून कस्मादी मंचावर जाऊन बसले. वधूपिता म्हणजे काय अवस्था असते, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. डोक्यावर घट्ट पगडी, कमरेला कडक बातिक, पाठीत खोचलेली कट्यार, त्यामुळे मागे टेकता येत नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त प्रसन्न दिसायचं. एका बाजूला बू रुमिनी, मध्ये नवरा-नवरी, पलीकडे व्याही पाक विग्न्यो आणि विहीणबाई. सहाही जण आरशासमोर बसवल्यासारखे समोर बघत होते.

चहा झाला, खाऊ झाला, सूप झालं. निवेदक पाक प्रोजो यांनी आपल्या भरजरी दरबारी भाषेत काहीतरी सांगितलं, जे नेहमीप्रमाणे कोणाला कळलं नाही आणि सगळ्यांना आवडलं. मग सुतोपोने ढोलावर थाप मारली.

पहिला भाग वाजला. लोक बोलत होते. कस्मादींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून लारस्तीकडे पाहिलं. ती पायांत रुतणारी चप्पल कोणाच्या लक्षात न येता सैल करण्याच्या खटपटीत होती. दुसरा भाग सुरू झाला. आणि मग ती जागा आली.

मांडवातलं बोलणं थांबलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वाजवणं चालू असताना, सगळा मांडव गप्प झाला होता. ऐकतायत, त्यांच्या मनात आलं, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकतायत. त्यांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यांना दिसलं की पहिल्या रांगेतल्या बाईंनी पर्सची साखळी ओढून बंद केली. शेजारच्या गृहस्थांनी पायाने खुर्चीखालची चप्पल चाचपली. एकीने पोराचं नाक पुसून त्याला टोपी घातली.

"अहो," बू रुमिनी ओठ न हलवता म्हणाल्या, "हे लोक असे का करतायत?"

"हलू नकोस. फोटो काढतायत."

मागच्या अंगणात तुगिमानच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भाताची ताटं वाढून तयार होती, वर कुरकुरीत कोळंबीचे पापड लावलेले होते, आणि कर्ण्यातून निरोपाची चाल ऐकू येत होती. संथ होती, बासरी होती, पण तीच होती. विचारायचं तर कोणाला? यजमान आणि यजमानीण दोघंही मंचावर जाऊन बसलेले.

"भात नको म्हणाले वाटतं," एक वाढपी म्हणाला.

"भाताचं मरू दे!" तुगिमान ओरडला. "निरोप सुरू झाला आणि बर्फ अजून इथंच! बर्फ न खाता पाहुणा उठला तर माझं नाक कापलं जाईल. सोडा बर्फ! पळा!"

बर्फ गेला. ज्याच्या हातात वाडगा पडला त्याने आधी वाडग्याकडे आणि मग शेजाऱ्याकडे पाहिलं.

"भात?" तिसऱ्या रांगेतला एक जण कुजबुजला.

"शू! कमी पडला असेल."

"अरेरे. कस्मादींच्या घरी?"

"होतं एखाद्याचं. खा बर्फ मुकाट्याने, आणि तोंड असं पाडू नकोस. त्यांना दिसेल."

आमच्या लोकांचा हा गुण म्हणा की रोग म्हणा. यजमानाची अडचण दिसली की ती आपल्याला दिसली नाही असं दाखवणं, याला आमच्याकडे संस्कार म्हणतात. साऱ्या मांडवात एकालाही उठून "भात कुठाय?" असं विचारावंसं वाटलं नाही. उलट सगळ्यांनी बर्फ असा चवीने खाल्ला की जणू आताच चार घास जास्त झाले होते. एकाने तर पोटावरून हात फिरवला. पलीकडून व्याही पाक विग्न्यो कस्मादींकडे किंचित झुकले आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आमच्या थोरल्याच्या वेळी सूप कमी पडलं होतं."

निवेदक प्रोजो हा अनुभवी माणूस. कानावर निरोपाची चाल, समोर रिकामे वाडगे. त्याने ध्वनिक्षेपक उचलला आणि उभयतांच्या संसाराला शुभेच्छा देऊन, वधू-वर आणि चारही मातापित्यांनी पाहुण्यांचा निरोप घेण्यासाठी फाटकापाशी प्रस्थान ठेवावं अशी दरबारी विनंती केली. दोन मदतनिसांनी कस्मादींना दोन्ही दंडांना धरून अदबीने उभं केलं. कस्मादी म्हणत होते, "थांबा, थांबा," पण पगडी इतकी घट्ट होती की जबडा नीट उघडत नव्हता.

आता खरं तर त्या लपवलेल्या ओळीनंतर रचनेचा तिसरा भाग सुरू व्हायचा होता. पण सुतोपोने वर पाहिलं तर पाहुणे उठलेले. आणि आमच्या ताफ्यांचा नियम असा की पाहुणे उठले की शेवटचा पाहुणा फाटकाबाहेर जाईपर्यंत निरोपाची चाल थांबवायची नाही. सुतोपो बिचारा नियमाने चालणारा. तो तीच ओळ पुन्हा वाजवायला लागला. चाल वाजतेय म्हणून लोक उठत होते आणि लोक उठतायत म्हणून चाल वाजत होती. या चक्रातून सुटका करू शकणारा एकच माणूस होता, आणि तो फाटकापाशी उभा राहून हात मिळवत होता.

"काय जेवण! वा!" पहिला पाहुणा म्हणाला.

"तुम्ही... भात..." कस्मादी म्हणाले.

"तुडुंब! आता रात्री काही नको."

"मांस किती मऊ शिजलं होतं," त्याच्या मागची बाई म्हणाली. तिने मांस पाहिलंही नव्हतं. बू रुमिनी हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, मुलगी चाललीय. चार दिवस खपून रांधलेला भात मागे तसाच पडला होता आणि लोक त्यांचं सांत्वन करत होते.

कस्मादींनी लांबून सुतोपोला खूण करायचा प्रयत्न केला. हात मोकळे नव्हते म्हणून भुवया वर केल्या, खाली केल्या, मान झटकली. सुतोपोला वाटलं, आणखी भाव ओता म्हणतायत. त्याने लय आणखी संथ केली. बासरीवाल्याने डोळे मिटले.

"बापाक," लारस्ती हळूच म्हणाली, "ही तुमची नवी रचना ना? छान आहे. पण हिचा शेवट कुठे आहे?"

ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो तिसरा भाग वाजलाच नव्हता, बाहेर व्याह्यांच्या बसने इंजिन सुरू केलं होतं, आणि मुलगी निघाली होती.

तेवढ्यात बू रुमिनींनी ओळ सोडली. वधूमाईने फाटकावरून हलायचं नसतं, आणि त्या कपड्यांत तर हलताच येत नाही. त्यांनी बातिक दोन्ही हातांनी घोट्यांच्या वर धरलं आणि तुरुतुरु पावलं टाकत त्या ताफ्यापर्यंत गेल्या. कार्यो आजोबांच्या हातातला सोटा घेऊन त्यांनी मोठ्या गाँगवर असा ठोका घातला की झाडांवरचे कर्णे किंचाळले. सगळं वादन थांबलं.

"पाहुणे येतानाची चाल वाजवा," त्या म्हणाल्या.

"बू, पाहुणे तर चाललेत," सुतोपो म्हणाला.

"म्हणूनच."

सुतोपोने एकदा त्यांच्या हातातल्या सोट्याकडे पाहिलं आणि वाजवायला सुरुवात केली.

रस्त्यापलीकडच्या मोकळ्या शेतात लोकांनी हेल्मेटं चढवली होती, मोटारसायकलींना किका मारल्या होत्या, बसच्या पायऱ्यांवर पाय ठेवले होते. कर्ण्यातून स्वागताची चाल आली. हेल्मेटं थांबली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. न्हाव्याने गाडी स्टँडवर लावली आणि तो परत फिरला. मग टोफूवाली, मग शाळेतल्या बाई, मग अख्खी बस. ओळीने सगळे फाटकातून आत आले आणि पुन्हा सगळ्यांशी हात मिळवले. वोनोगिरीचे एक आजोबा कस्मादींचा हात धरून सवयीने म्हणाले, "माफ करा हं, यायला जरा उशीरच झाला."

लोक आपापल्या आधीच्या खुर्च्यांवर बसले. प्रोजोने घसा साफ केला आणि जराही न चाचरता पहिल्यापासून सगळं स्वागत पुन्हा केलं. तुगिमानने मागून स्वागताची चाल ऐकली, डोकं गच्च धरलं आणि तो वाढप्यांना म्हणाला, "काय वाटेल ते होवो. आता भात सोडा."

भात गेला. बर्फावर भात आमच्या गावाने त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. मांस खरंच मऊ होतं आणि आता ते खरं सांगता येत होतं, पण आधीच सांगून झाल्यामुळे सगळे गप्प होते. बू रुमिनींचा जीव भांड्यात पडला.

कस्मादी मंचावर गेले नाहीत. त्यांनी पाठीतली कट्यार काढून व्याह्यांच्या हातात दिली, पगडी काढली आणि ते ताफ्यात जाऊन सुतोपोच्या जागी बसले.

"पाक, तुम्ही वधूपिता," सुतोपो घाबरून म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"त्यांनी म्हणायचं ते सगळं फाटकावर म्हणून झालंय. सरक."

आणि त्यांनी थेट तिसरा भाग सुरू केला.

मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. एकही माणूस बोलत नव्हता. कस्मादींच्या संगीतावरून लोकांचा विश्वास उडाला होता, हे त्याचं कारण. हे संगीत आपल्याला आता उठवतंय की बसवतंय, याचा नेम नव्हता, म्हणून जो तो कान टवकारून ऐकत होता. एक खडखडाट झाला, दोन जवळ, एक लांब. मग पुन्हा. मध्येच एक चुकल्यासारखा. तो लांबून येत होता, हळूहळू जवळ येत होता, आणि अगदी जवळ येऊन थांबत होता.

रचना संपली. कोणी उठलं नाही. प्रोजोने समारंभ संपल्याचं जाहीर केलं, तरी कोणी उठलं नाही. मघाशी याच माणसाच्या सांगण्यावरून उठलो होतो, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. बर्फ हातात आला असता तर काही कळलं असतं, पण बर्फ आधीच संपला होता. काहीतरी द्यायला हवं म्हणून तुगिमानने चहा पाठवला. चहा आला तसे पाहुणे सावरून बसले. त्यांना वाटलं, पुन्हा पहिल्यापासून.

"वाजवा ती निरोपाची," सुतोपो कुजबुजला. "विमान चुकेल त्यांचं."

कस्मादींनी ढोलावर हात ठेवला होता, पण ते वाजवत नव्हते. त्यांनी तिसरा भाग पुन्हा एकदा वाजवला. बाहेर बसने हॉर्न दिला. त्यांनी तो तिसऱ्यांदा सुरू केला. तेव्हा लारस्ती मंचावरून उतरली, चप्पल तिथेच टाकून अनवाणी आली आणि डोक्यावरची जाईची वेणी सांभाळत त्यांच्या शेजारी चटईवर बसली. संपेपर्यंत ती ऐकत राहिली.

"ही माझी सायकल ना?" मग तिने विचारलं. "शाळेतली. साखळीवरचं पत्र्याचं झाकण सुटलेली."

कस्मादींनी मान हलवली.

"किती वर्षं खडखडत होती ती! मी रोज सांगायचे, बापाक, एक स्क्रू तर लावायचाय. तुम्ही कधी लावलाच नाहीत."

"लावला असता तर तू घरी आलीस हे मला कळलं कसं असतं?" कस्मादी म्हणाले.

लारस्तीने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं आणि त्या दिवशीचे पुढचे सगळे फोटो वाया गेले. बाहेर बसने पुन्हा हॉर्न दिला. मांडव गप्प बसून वाट बघत होता.

"बापाक," ती म्हणाली, "आता ती वाजवा."

"कुठली? तुला तर सगळ्या सारख्याच वाटतात."

"ती नाही वाटत."

कस्मादींनी पाच सुरांच्या वाद्यांकडे हात केला. वादक सरकून तिकडे बसले. या वेळी बासरी नव्हती, संथपणा नव्हता, काहीही लपवलेलं नव्हतं. आजोबा-पणजोबांनी वाजवली होती तशीच त्यांनी ती वाजवली. पहिली ओळ पुरती व्हायच्या आत शेजारी बसलेली लारस्ती उठून उभी राहिली. मग सगळा मांडव उठला.

शेवटचा पाहुणा फाटकाबाहेर जाईपर्यंत ही चाल थांबवायची नसते. बस गेली, मोटारसायकली गेल्या, तुगिमान खुर्च्या एकात एक अडकवायला लागला, वादकही एकेक करून हातोड्या ठेवून उठले. कस्मादी एकटेच ढोल वाजवत राहिले. बू रुमिनी पेले उचलत उचलत त्यांच्यापर्यंत आल्या.

"अहो, गेले सगळे," त्या म्हणाल्या.

कस्मादींनी हात थांबवले. बू रुमिनींनी त्यांच्या समोरचा पेला उचलला, पाहिला आणि परत खाली ठेवला.

"अर्धा आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि हातातला ट्रे बाजूला सारून त्यांच्याजवळ बसल्या. "तो खडखडाट एकदा वाजवा बरं. मघाशी धड ऐकलाच नाही मी."